टाकी वाढवली

"लिटर उन्हाचं ऐकतं बाई, किलो कुणाचं ऐकत नाही."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी, मी काही विचारलेलं नसताना, मला हे ऐकवण्यात आलं. बेगमपेटच्या जुन्या विमानतळावर हँगरच्या सावलीत पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उभे होते. हातात उंच काचेचं भांडं, त्यात पाण्यासारखं स्वच्छ विमानाचं इंधन. त्यांनी त्यात काचेची एक कांडी सोडली, ती डुलायची थांबेपर्यंत वाट पाहिली, गुडघे वाकवून डोळा तिच्या पातळीला आणला आणि आकडा वहीत लिहिला. मग मला समजावलं. ऊन तापलं की तेल फुगतं. लिटर तेवढेच दिसतात, पण वजन कमी भरतं. आणि विमान वजनावर उडतं, लिटरवर नाही. इंधनाला ते शेवटपर्यंत तेलच म्हणत राहिले.

"इंधन म्हणा," मी म्हटलं. "तेल म्हणजे फोडणीचं."

आता एवढं सांगितल्यावर मी पुण्याची आहे हे वेगळं सांगायला नको. नवऱ्याच्या नोकरीपायी कुकटपल्लीत येऊन पडले होते. दोन वर्षं चार भिंती आणि लिफ्ट बघून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा ही नोकरी मिळाली. कंपनी लहान, भाड्याने द्यायची चार छोटी विमानं. माझं काम काय, तर आमची विमानं वर्षभरात किती इंधन जाळतात ते मोजून त्याचा अहवाल तयार करायचा. धूर किती सोडला ते सांगायचं नवीनच बंधन आलं होतं. मी संख्याशास्त्र शिकलेली. म्हटलं, त्यात काय मोठंसं? पावत्या जोडायच्या आणि बेरीज मारायची.

कप्पाळ! पहिल्या आठवड्यातच माझी घमेंड उतरली. विमान उतरून उभं राहिलं की टाकीत किती उरलं ते वैमानिक लिहितो, तेही किलोत. मग टँकर येतो, इंधन भरतो आणि स्लिप देतो, ती लिटरमध्ये. त्या दिवशीची घनता मोजायची, लिटरचे किलो करायचे. उरलेलं अधिक भरलेलं, त्यातून पुढच्या वेळी उतरल्यावर उरलेलं वजा. जे आलं ते त्या फेरीत जळालं. सांगायला चौथीतल्या पोरालाही जमेल. पण एक आकडा चुकला की त्याच्या पुढचा चुकतो, आणि वर्षभराच्या फेऱ्यांत तो चुकलेला आकडा शोधणं म्हणजे तांदळातला पांढरा खडा शोधणं.

ते मला शिकवलं काकांनी. काका म्हणजे तेच मिशीवाले गृहस्थ. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणायला लागले, ते मला बाई म्हणत. एकतीस वर्षं ते इंधनाचं काम बघत होते. स्लिपवर त्यांची सही पडल्याशिवाय आमचं विमान हलत नसे. सहीला ते दस्तखत म्हणत आणि ऑफिसला दफ्तर. त्यांचे आजोबा नांदेडकडचे शेतकरी, निजामाच्या राज्यात हैदराबादला आले ते अफझलगंजच्या एका गल्लीत राहिले. काकांचं सगळं आयुष्य त्याच गल्लीत गेलं. त्यामुळे त्यांची मराठी म्हणजे निम्मी नांदेडची, निम्मी हैदराबादची.

"बाई, काय करायलात?"

"काय करताय, म्हणा काका."

"हौ. काय करताय?"

"हौ नाही, हो."

"हौ," काका म्हणायचे आणि मिशीत हसायचे. "तुमची मराठी इस्तरीची हो बाई. आमची आपली घरात नेसायची."

मला याचं काही वाटत नसे. उलट बरं वाटायचं. आपण एका माणसाची भाषा सुधारतोय, असा माझा प्रामाणिक समज होता. काय दीडशहाणी होते मी!

पण ते दिवस फार चांगले होते. अजून आठवले की जीव तिकडे ओढतो. आता विमान उतरलं की आकडे आपोआप माझ्या संगणकात येऊन बसतात. किती भरलं, किती उरलं, किती जळालं, सगळं. चुकायला वावच नाही आणि बोलायलाही कुणी नाही. तेव्हा सकाळी आठला हँगरपाशी गेलं की रॉकेलसारखा वास यायचा आणि पोटात भूक जागी व्हायची, का ते मला आजवर कळलेलं नाही. काका भांडं उजेडात धरून मला विचारायचे, "काय दिसतं?" मी म्हणायचे, "काही नाही." "मग चांगलंय," ते म्हणायचे. त्यात पाण्याचा थेंब नाही, कचरा नाही, काही दिसत नाही, हीच त्याची परीक्षा. दुपारी एकाच टेबलावर डबे उघडायचे. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. माझ्या डब्यात पोळी-भाजी, ती ते चवीपुरती घ्यायचे आणि म्हणायचे, "गोड आहे." भाजीत साखर घालणाऱ्या माणसांची त्यांना मनापासून कीव यायची. एका शनिवारी मला बेगम बाजारात घेऊन गेले आणि मिरची कशी घ्यायची ते शिकवलं. मुठीत दाबायची, आवाज ऐकायचा. त्या मिरच्यांचं तिखट आमच्या घरी वर्षभर पुरलं आणि नवरा वर्षभर नाक पुसत जेवला.

आणि काकांचं रजिस्टर! लाल कापडी बांधणीचं, दोन हातांनी उचलावं लागे असं. आकडे इंग्रजीत, नेटके, एकाखाली एक. फक्त शेवटचा शेऱ्याचा रकाना मराठीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "शेरा मनातला असतो. तो परक्या भाषेत कसा लिहू?" कंपनीच्या छापील फॉर्मवर शेऱ्याला जागाच नव्हती, म्हणून फॉर्ममध्ये न मावणारं सगळं त्या रकान्यात असायचं. आमच्या त्या इमारतीत मराठी वाचणारी माणसं दोनच, काका आणि मी.

वर्ष संपलं. पहिला अहवाल मी एकटीने तयार केला. काकांचं रजिस्टर समोर ठेवून ओळ न् ओळ संगणकात चढवली, शेऱ्यांचं इंग्रजी केलं, बेरजा केल्या. साहेबांनी पाठ थोपटली. आमचे साहेब तेलुगू, एके काळचे वैमानिक, स्वभावाने भला माणूस. मग अहवाल तपासायला बाहेरच्या संस्थेतून एक तपासनीस बाई आल्या. दोन दिवस मान वर न करता त्यांनी कागद वाचले, जाताना रजिस्टर एका पिशवीत घालून सील करून नेलं. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं.

बाईंनी माझ्या तक्त्यावर पेन्सिल टेकवली. "हैदराबाद ते विजयवाडा. या फेरीत एवढं इंधन जळालं? विमान विजयवाड्याला दिल्लीवरून गेलं का?"

साहेब हसले, मीही हसले. मग बाईंनी तशाच आणखी तीन फेऱ्या दाखवल्या आणि कुणी हसेना. चारही फेऱ्यांच्या आधी टाकीत जादा इंधन भरल्याची नोंद होती, आणि एकाही नोंदीला स्लिप नव्हती. म्हणजे इंधन टाकीत गेलं, त्याचा कागद नाही. इंजिनात जळावं तर तेवढं विमान उडालेलंच नाही. मग गेलं कुठे?

"या नोंदी कुठून घेतल्या?" साहेबांनी विचारलं.

"रजिस्टरमधून," मी ठणकावून सांगितलं. शेऱ्याच्या रकान्यात काकांच्या अक्षरात चार ठिकाणी लिहिलं होतं, 'टाकी वाढवली', आणि पुढे किलो. टाकी वाढवली म्हणजे टाकीतलं इंधन वाढवलं. त्याचं मी इंग्रजी केलं होतं, टॉप-अप.

साहेबांनी काकांना बोलावलं आणि माझा तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी चष्मा चढवून तो वाचला. मग पुन्हा वाचला.

"साहेब, बिनस्लिपचं थेंबभर तेल मी कधी भरलं नाही," ते हिंदीत म्हणाले. "आणि असं मी लिहिलेलंही नाही. टॉप-अप कुठून आलं?"

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही नीट वाचलंत?"

आता इथे थोडा धीर धरला असता, दोन शब्द मराठीत काकांशी बोलले असते, तर काय बिघडलं असतं? पण उचलली जीभ लावली टाळ्याला. "हो सर," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांनी वाचलंय. मराठी मला येते."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी आणखी काही बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी तक्त्याकडे बघत होते.

साहेबांनी आवाज चढवला नाही. चौकशी होईपर्यंत घरी आराम करा, स्लिपवर सही दुसरं कुणी करील, एवढंच म्हणाले. चोर हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारला नाही. तशी गरजच पडली नाही. संध्याकाळपर्यंत टँकरवाल्यांपासून कँटीनपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की काकांचं तेल कमी भरलं.

जाताना काका माझ्या टेबलापाशी थांबले. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. "मला काही सत्कार नको होता बाई," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी या फाटकातून मान वर करून बाहेर पडायचं, एवढंच होतं." आणि डबा उचलून गेले. मी मनाशी म्हटलं, माणसं ओळखू येत नाहीत हेच खरं. असं म्हटलं मी. आज लिहितानाही लाज वाटते, पण म्हटलं हे खरं आहे.

तीन आठवडे गेले. काचेचं भांडं आता दुसराच कुणी धरायचा, आणि आकडा उभ्याउभ्या, वरून बघून लिहायचा. दुपारी मी एकटीच डबा खायचे. तपासनीस बाईंचा तगादा चालूच होता. त्या चार नोंदींचा सही केलेला खुलासा द्या, नाहीतर अहवाल फेटाळते. शेवटी साहेबांनी एक कागद तयार केला. काकांनी लिहून द्यायचं की चार वेळा स्लिप घ्यायची राहून गेली, नजरचूक झाली. मग प्रकरण गुपचूप मिटेल. "तुम्ही जा," साहेब मला म्हणाले. "तुमची भाषा एक आहे. समजावून सांगा."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला अफझलगंजला पोचले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, दार उघडंच. काकू ताटात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं तर उठून उभ्याच राहिल्या. "अगं बाई, तुम्ही त्या पुण्याच्या! किती सांगतात हो तुमचं. पण ते तर दफ्तरला गेले की. सातलाच गेले, डबा घेऊन. तुम्ही दफ्तरातूनच आलात ना?"

तीन आठवडे घरी बसलेला माणूस दफ्तरला गेला? "नाही, मी कुकटपल्लीहून सरळ इकडे आले," मी काहीतरी जुळवलं. "जवळ काम होतं, म्हटलं घर बघावं."

"बरं केलंत. बसा, चहा टाकते." काकू आत गेल्या आणि डब्याचं झाकण वाजलं. "बघा की, साखर वाढली! कालच वाढली. गुळाचा चालंल का?"

मला वाटलं, भाव. "हो ना," मी म्हटलं. "सगळंच महाग झालंय."

काकू दारात येऊन माझ्याकडे बघायला लागल्या. "भाव नाही हो. साखर वाढली."

"जास्त झाली?"

"जास्त झाली तर गुळाचा कशाला विचारीन?" त्या हसायलाच लागल्या. "अशा कशा हो तुम्ही? अमकं संपलं असं घरात बोलू नये. लक्ष्मी ऐकत असते. वाढलं म्हणावं. मीठ वाढलं, तांदूळ वाढले, तेल वाढलं."

"तेल वाढलं," मी म्हटलं. "म्हणजे तेल संपलं?"

"शू! वाढलं."

नारळ फोडतात त्याला वाढवणं म्हणतात, बांगडी फुटली की वाढली म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझ्या लग्नात नारळ वाढवलेच होते की. पण ते देवाधर्माचं, बायकांचं बोलणं, ते विमानाच्या टाकीपर्यंत येईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. विमान मोठ्या दुरुस्तीला जायचं असलं की टाकीतलं सगळं इंधन काढून घेतात. फॉर्मवर भरलेल्याला रकाना होता, काढलेल्याला नव्हता, म्हणून काका ते शेऱ्यात लिहीत. आणि विमानाची टाकी रिकामी केली, असं तो माणूस स्वतःच्या हाताने लिहिणार होता होय? टाकी वाढवली, असंच लिहिणार. आणि मी काय केलं, तर काढलेलं भरलेलं धरलं. वजा करायचं ते अधिक केलं. चार वेळा. आणि वर साहेबांपुढे सांगितलं, मराठी मला येते.

गुळाचा चहा मी कसा प्यायले देव जाणे. खाली उतरले आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून काकांना फोन लावला.

"काका, कुठे आहात?"

"लायब्ररीत. सेंट्रलच्या." मग त्यांच्या लक्षात आलं असावं. "घरी गेला होतात का?"

"हो."

"तिला काय सांगितलं?"

"काही नाही."

त्यांनी सोडलेला श्वास मला फोनमधून ऐकू आला. लायब्ररी तिथून चालत पाच मिनिटांवर. काका बाहेर पायऱ्यांवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, शेजारी कापडी पिशवीत डबा. आत डबा खाऊ देत नाहीत, म्हणून दुपारचं बाहेर बसायचे. रोज सातला निघायचे, सहाला घरी जायचे, सुट्टीचा दिवस सोडून एकही दिवस चुकला नव्हता.

मी उभ्यानेच विचारलं, "काका, टाकी वाढवली म्हणजे काय?"

"म्हणजे वाढवली. सगळं तेल काढून घेतलं."

"रिकामी केली?"

"असं नका बोलू बाई, विमानाचं काम आहे." मग त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि तसाच राहिला. "ते टॉप-अप," ते हळू म्हणाले, "ते तुम्ही याचं केलंत?"

मी मान हलवली. मला वाटलं ते हसतील, मिशीत हसायचे तसे. ते हसले नाहीत. काका चिडलेले मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

"हातभर अंतरावर बसत होतो मी," ते म्हणाले. "एकदा विचारायचं होतं. एकदा! काका, हे काय लिहिलंय? एवढंच."

काय सांगणार? ज्या माणसाची मराठी मी रोज उठून सुधारत होते, त्याला मराठी शब्दाचा अर्थ विचारायचा? माझ्या मनात ते आलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, आलं असतं तरी मी विचारलं नसतं. हे मी त्यांना तसंच सांगितलं. पायरीवर बसून, भर रस्त्यात, रडत सांगितलं.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मराठी मला येते," काका म्हणाले. "त्यावर मी काय म्हणणार होतो? तुम्हाला येत नाही असं?"

मी तिथून रिक्षाने सरळ ऑफिस गाठलं. वाटेत सारखा एकच घोर, हे साहेबांना पटवायचं कसं? तेलुगू माणसाला कसं सांगायचं की आमच्यात संपलेल्याला वाढलं म्हणतात? त्यांना वाटायचं, आता ही मराठी माणसं एकमेकांना वाचवतायत. खोलीत गेले आणि सुचेल त्या हिंदीत सांगून टाकलं, साखर, मीठ, लक्ष्मी, टाकी, सगळं एका दमात.

साहेब ऐकत होते. मग खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "बिय्यम निंडुकुन्नायि."

"काय, सर?"

"माझी आई. घरातले तांदूळ संपले की संपले म्हणत नाही. निंडुकुन्नायि म्हणते, भरले." त्यांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. "अय्यो. मला एकदा शब्द तरी सांगायचा होतात. मी तेव्हाच ओळखलं असतं."

म्हणजे बघा. माझ्याशिवाय सगळ्यांना कळलं असतं. रजिस्टर परत मागवलं. चार नोंदींची अधिकाची चिन्हं वजाची केली आणि वर्षभराचा हिशेब चुटकीसरशी जुळला, विमान विजयवाड्याला सरळ गेलं. दुरुस्तीचं कारण लिहायला तपासनीस बाईंनी एक ओळ ठेवली होती. टायपिंगची चूक लिहा, साहेब म्हणाले, कुणी विचारत नाही. मी लिहिलं की मूळ नोंद बरोबर होती, ती वाचणारीला समजली नाही, आणि खाली सही केली. त्या सगळ्या प्रकरणात मी केलेली बरी गोष्ट तेवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी हँगरमध्ये सगळ्यांना जमवलं, मेकॅनिक, टँकरवाले, कँटीनवाला, कुणाला सोडलं नाही. आधी ते तेलुगूत बोलले, मग मला हिंदीत बोलायला लावलं. माझी चूक मी सगळ्यांसमोर सांगितली. साहेबांनी काकांची हात जोडून माफी मागितली. काका ताठ उभे होते, चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग टँकरवाल्याने स्लिपबुक पुढे केलं. काकांनी पेन आधी कोपऱ्यावर चालवून बघितलं आणि दस्तखत केला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं, सुटलो.

दुपारी डबे उघडले तेव्हा काकांनी भाकरी मोडली नाही. "बाई, संध्याकाळी घरी चला," ते म्हणाले. "तिला सांगायला पाहिजे. मला सांगता येणार नाही. चाळीस वर्षांत तिच्याशी खोटं बोललो नाही, आणि हे तीन आठवडे रोज बोललो. आज कोणतं विमान गेलं, किती तेल घेतलं, सगळं रचून सांगायचो. ती ऐकायची."

संध्याकाळी गेलो. काका बूट काढून भिंतीशी बसले ते मान खालीच घालून. मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. साखरेच्या डब्यावरून मला कसं कळलं तेही सांगितलं. वाटलं होतं, काकू मला फैलावर घेतील आणि ते बरंच होईल. माझी तयारी होती. निदान काकांना तरी बोलतील, मला एका शब्दाने सांगितलं नाहीत म्हणून.

काकूंनी तसलं काहीच केलं नाही. शब्दाबद्दल नाही, तेलाबद्दल नाही, मी काय वाचलं त्याबद्दल नाही. त्या काकांकडे वळल्या.

"मग दुपारी जेवत कुठं होता?"

"लायब्ररीच्या पायरीवर," काका म्हणाले.

"एकटेच?"

"हौ."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. "घरी यायचं होतं की हो," त्या म्हणाल्या. "मीबी इथं एकटीच जेवत होते."